बाई, इथं सर किती असतात?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात 'चांगली' याखेरीज दुसरं काही लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. वरच्या 'अभ्यासातील प्रगती'च्या रकान्यात 'समाधानकारक'. शाळा सोडण्याचं कारण, 'पुढील शिक्षणासाठी'. जूनमध्ये असे दाखले गठ्ठ्याने आमच्या ऑफिसात येतात. क्लार्क जनरल रजिस्टरला नाव चढवतात, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो टाचणीने लावतात, आणि नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या हायस्कूलच्या आठवीत आणखी एक मूल दाखल होतं. सात वर्षं एका शाळेत काढून आलेलं मूल. त्या सात वर्षांतलं आमच्यापर्यंत काय पोचतं? वर्तणूक चांगली.

मी आठवी-नववीला गणित शिकवते. आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं महापालिकेच्या शाळांमधली असतात, काही शहराच्या कडेच्या गावांमधून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून येतात. सकाळी निमाणीच्या स्टँडवर सिटीलिंकच्या बसमधून उतरणारा, नवा कोरा शर्ट मापाला दोन बोटं मोठा शिवलेला घोळका दिसला की समजायचं, आठवीची नवी बॅच.

'पोरगं हायस्कूलला गेलं' म्हणजे नक्की कितवीत गेलं, याचं उत्तर आपल्याकडे गावागणिक बदलतं. चौथीपर्यंतची शाळा असेल तिथे पाचवीला, सातवीपर्यंतची असेल तिथे आठवीला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याने पहिली ते आठवी हे प्राथमिक शिक्षण ठरवलं. म्हणजे कायद्याच्या हिशेबात पुढची पायरी नववीला सुरू होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणातली ५+३+३+४ ची मांडणीही आठवीनंतरच रेघ ओढते. काही शाळांना मधल्या काळात पाचवी आणि आठवीचे वर्ग जोडले गेले, अनेक ठिकाणी नाही. इमारती जुन्या हिशेबाच्या, कायदा नव्या हिशेबाचा. त्यामुळे आमचं मूल दोनदा उंबरठा ओलांडतं. आठवीत इमारत बदलते, ते सगळ्यांना दिसतं. नववीत कायदा बदलतो, ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

नाशिकला ही वाट नवी नाही. कुसुमाग्रजांचं प्राथमिक शिक्षण पिंपळगाव बसवंतला झालं आणि हायस्कूलसाठी ते नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले, ती आजची रुंगटा हायस्कूल. त्यांच्या दाखल्यावर वर्तणूक काय लिहिली होती कोण जाणे. 'चांगली'च असणार.

पहिल्या आठवड्यात मुलं जे विचारतात त्यात अभ्यासाचं जवळपास काही नसतं. बाई, इथं सर किती असतात? वही कुणाला दाखवायची? पाणी प्यायला जायचं तर आत्ता जे सर आहेत त्यांना विचारायचं की वर्गशिक्षकांना? खेळाच्या तासाला दप्तर वर्गात ठेवलं तर चालतं? मागच्या जूनमध्ये एक मुलगी तास संपल्यावर माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, मुलींच्या बाथरूमला आतून कडी आहे ना?" होती. पण मी तिला लगेच उत्तर न देता आधी जाऊन तिन्ही दारं बघून आले, कारण अशा प्रश्नाला अंदाजाने हो म्हणून चालत नाही. एका दाराची कडी नुसती लोंबत होती. शिपाईमामांनी दुपारपर्यंत नवी बसवली.

कितीही सूचनापत्रकं छापली तरी हे प्रश्न त्यात नसतात. आम्ही छापतो ते गणवेशाचा रंग, फीची तारीख, मोबाईल आणू नये.

प्राथमिक शाळेत एक बाई किंवा एक गुरुजी दिवसभर एका वर्गात असतात. भाषा त्याच शिकवतात, गणितही त्याच, पोषण आहाराच्या वेळी ताटं मोजायलाही त्याच. मूल सकाळी रडून आलंय हे त्यांना परिपाठाला कळतं, दुपारी त्याने खिचडी टाकून दिली हेही कळतं, आणि संध्याकाळी ते कुणाशी भांडलं तेही. हायस्कूलमध्ये ३५ मिनिटांचा तास. घंटा झाली की माणूस बदलतो. मराठीच्या मॅडमना ते मूल कविता छान म्हणणारं वाटतं, मला ते भागाकाराला घाबरणारं वाटतं, पीटीच्या सरांना ते उन्हात चक्कर येणारं. आणि आम्ही तिघं स्टाफरूममध्ये बसतो तेव्हा बहुधा वेळापत्रकाबद्दल नाहीतर सातव्या वेतन आयोगाच्या हप्त्याबद्दल बोलत असतो. माझ्याकडे चार तुकड्या, तुकडीत साठेक मुलं. गणपतीपर्यंत पहिल्या बाकावरची आणि दंगेखोर, एवढ्यांची नावं तोंडी होतात. मधल्या बाकांवरची, न भांडणारी, न चमकणारी मुलं दिवाळीपर्यंत हजेरी क्रमांकच असतात.

जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्ये या वयाबद्दल एक मांडणी केली. बारा-तेराव्या वर्षी मुलाला घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाची जवळीक हवी असते, आपल्याबद्दलचे निर्णय थोडे आपण घ्यावेत असं वाटू लागतं, आणि चारचौघांत तुलना झालेली अजिबात सोसत नाही. नेमक्या त्याच वर्षी शाळा त्याला देते जास्त शिस्त, जास्त तुलना आणि जास्त अंतर. मुलांची अभ्यासातली गोडी या वयात कमी होते त्याला नुसतं वय कारणीभूत नाही; वयाची गरज आणि शाळेची रचना यांचा मेळ बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या स्टाफरूममध्ये याच गोष्टीला "वय आहे हो" म्हणून चहा मागवतात. मला ती मांडणी पटते. कारण तीच मुलं गॅदरिंगच्या तालमीला, जिथे एकच सर महिनाभर रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत असतात, तिथे वेळेआधी हजर असतात.

तर तयारी कशाची करायची? 'आठवीची तयारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुट्टीतला क्लास येतो. एप्रिल उजाडला की कॉलेज रोडवर फ्लेक्स लागतात, 'आठवीपासून आयआयटी फाउंडेशन'. मी क्लासच्या विरोधात नाही, माझी स्वतःची भाची जाते. पण ज्या मुलांबद्दल मी लिहितेय त्यांच्यापैकी फार थोडी त्या रस्त्याने जातात. आणि जी जातात त्यांनाही तिथे नववीचा भाग आधी शिकवतात. अडलेलं असतं ते पाचवीचं.

आठवीच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण परिमेय व अपरिमेय संख्या. संख्यारेषेवर उणे तीन छेद दोन दाखवा. हे करायला दोनच गोष्टी लागतात, अपूर्णांक म्हणजे काय ते कळलेलं असणं आणि ऋण संख्येची भीती नसणं. 'असर' या शालेय शिक्षणाच्या अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. ते ४३.३ टक्क्यांना जमलं. सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सलग वाचता आला नाही. हे आकडे कुठल्या तरी लांबच्या मुलांचे आहेत असं मला म्हणता येत नाही. जूनमध्ये मी पुस्तक बाजूला ठेवून पहिले काही तास भाकरी, जमीन आणि उसने पैसे यांच्यावर घालवते. दीड एकर तीन भावांत, किंवा दुकानदाराचं ४० रुपये देणं. उणे संख्या उधारीच्या वहीतून लवकर येते, गावाकडच्या मुलांना तर फारच लवकर.

सातवीच्या शिक्षकांना माझं खरं सांगणं गणिताबद्दल नसतंच. शेवटच्या दोन महिन्यांत शेजारच्या वर्गाच्या बाईंशी विषयांची अदलाबदल करा, एवढंच सांगते. तुम्ही दोन्ही वर्गांना विज्ञान घ्या, त्यांना भाषा घेऊ द्या. मुलांना घंटेनंतर माणूस बदलण्याची सवय लागू दे. वेळापत्रक फळ्यावर न लिहिता मुलांच्या हातात द्या आणि उद्याचं दप्तर आज रात्री त्यांचं त्यांनी भरू दे. आमच्याकडे आलेली मुलं पहिला महिनाभर सगळी पुस्तकं रोज वाहून आणतात, कारण कुठलं लागेल याचा भरवसा नसतो. आणि एक धडा तरी असा ठेवा, जो तुम्ही शिकवणार नाही. त्यांनी वाचायचा, अडलेलं वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून विचारायचं. साठ मुलांच्या वर्गात न कळलेलं विचारायला धीर लागतो. तो ओळखीच्या वर्गात, ओळखीच्या बाईंसमोर आधी कमवलेला बरा.

दुसरी बाजू आमची. गेली काही वर्षं मार्चमधल्या शनिवारी आसपासच्या शाळांची सातवी आमच्याकडे येते, त्यांच्या बाईंसकट. मुलं प्रयोगशाळा बघतात, वाचनालय बघतात, आठवीच्या मुलांसोबत बाकावर बसून एक तास ऐकतात. (आठवीची मुलं त्या दिवशी इतकी शहाण्यासारखी वागतात की त्यांचं त्यांनाच हसू येतं.) मुलं फिरत असताना त्यांच्या बाई आणि आम्ही बसतो, आणि प्रत्येक मुलाबद्दल अर्धं पान लिहून घेतो. कळत नाही तेव्हा हे मूल काय करतं? घरी फोन केला तर कोण उचलतं आणि कुणाशी बोलावं? मार्कांत न दिसणारी कुठली गोष्ट याला चांगली येते?

याला आमच्याकडे विरोध झाला आणि विरोध करणारे आमचे सर्वांत चांगले शिक्षक होते. निवृत्तीला आलेले इतिहासाचे सर म्हणाले, "पोरगं नव्या शाळेत कोरी पाटी घेऊन येतं, तेवढा तरी त्याचा हक्क राहू द्या. तिकडचा शिक्का इकडे कशाला?" हे खोटं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका अर्ध्या पानावर दोनच शब्द लिहून आले होते, 'चोऱ्या करतो'. ते वाचल्यावर वर्गात पेन हरवला की त्या मुलाकडे नजर न जाणं कुणाला शक्य होतं? ते पान आम्ही फाडलं. तेव्हापासून नियम असा की मुलाने काय केलं ते लिहायचं नाही, त्याला काय लागतं ते लिहायचं. सरांना अजूनही हे पूर्ण पटलेलं नाही. ते ती पानं दिवाळीपर्यंत वाचत नाहीत, आधी स्वतः मूल बघतात, मग पान उघडतात. मला वाटतं त्यांची पद्धत माझ्यापेक्षा बरी असेल, पण त्यासाठी त्यांची नजर हवी. माझ्यासारखीला जूनमध्येच पान लागतं.

कारण पान नसलं की काय होतं ते आम्ही पाहिलंय. एक उंच मुलगा होता. आमच्याकडे उंचीप्रमाणे बसवतात, म्हणून तो शेवटच्या बाकावर. वह्या कायम अपूर्ण. एकेका विषयाच्या शिक्षकांनी 'वही अपूर्ण, पालकांना भेटावे' असा शेरा मारला. पालक भेटायला आले नाहीत, ते सातपूरला कारखान्यात पाळीवर असायचे. दिवाळीनंतर वर्गशिक्षिकेने त्याच्या जुन्या बाईंना फोन केला तेव्हा उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं. त्याला लांबचं दिसत नाही, चष्मा लावायला लाजतो, म्हणून त्या त्याला तीन वर्षं पुढे, कडेला बसवत होत्या. मागच्यांना त्याची उंची आड येऊ नये म्हणून कडेला. एवढी बारीक सोय एका माणसाने केलेली होती आणि ती दाखल्यावर कुठे लिहिणार? दुसरी एक मुलगी बोलताना अडखळायची. तिच्या गुरुजींनी तिला तोंडी उत्तराऐवजी फळ्यावर लिहून द्यायची मुभा दिली होती. तिचं पान मात्र वेळेवर आलं होतं. इंग्रजीच्या मॅडमनी पहिल्या दिवसापासून प्रकट वाचनात तिला एकटीला उभं न करता जोडीने वाचायला लावलं. वर्गाला त्यात वेगळं काही वाटलंच नाही, कारण मॅडमनी सगळ्यांनाच जोड्या लावून दिल्या.

मुलींचं आणखी एक असतं. पाळी सुरू होण्याचं वय आणि शाळा बदलण्याचं वय बहुतेक एकच. जुन्या शाळेत कुठल्या बाईंकडे जायचं ते माहीत असतं. इथे पहिल्या दिवशी मुलींना एकत्र घेऊन पॅडचं कपाट कुठे आहे, किल्ली कुणाकडे असते आणि ती बाई रजेवर असेल तर कुणाकडे, हे सांगितलं की निम्मं काम होतं. अंतराचं काय, तर एसटीत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींना हायस्कूलला नेतात. पण बस पाच वाजता सुटते आणि जादा तास सव्वापाचला संपतो, असलं काही असेल तर आई-बाप मुलीला घरी ठेवतात. अशा वेळी जादा तास सकाळी घ्यावा. आणि गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी सोडल्यावर रामसेतू पूल बंद झाला की पलीकडच्या मुलींनी कुठून जायचं, हेही जूनमध्येच सांगून ठेवावं. नाशिकमध्ये वाढलेल्याला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती कितपत बुडाली ते बघून पाण्याचा अंदाज येतो, नव्याने आलेल्याला कसा येणार?

आता नववी.

आठवीपर्यंत पुस्तकं मोफत. आठवीपर्यंत पोषण आहार, सहावी ते आठवीला रोज माणशी १५० ग्रॅम तांदळाच्या हिशेबाने. शिक्षणहक्काचं वय ६ ते १४. नववीला हे सगळं एका जूनमध्ये संपतं. ज्या वर्गखोलीबाहेर कालपर्यंत खिचडीची रांग लागायची, तिथून मुलं एक जिना वर चढतात आणि रांगेतून बाहेर पडतात. इमारत तीच, बाक तसेच, म्हणून कुणाला काही बदललंय असं वाटत नाही. दुपारी डबा नसलेली मुलं मैदानात जाऊन खेळतात, म्हणजे डबा नाही हे दिसत नाही. गणिताची पुस्तकं एकाची दोन होतात आणि पहिल्या भागाची सुरुवात संचाने होते. त्याच वयाला बालकामगार कायद्याची सरसकट बंदीही संपते. २०१६ च्या दुरुस्तीनुसार ती १४ वर्षांखालच्यांसाठी आहे, त्यापुढे फक्त धोक्याची कामं वर्ज्य. ऑक्टोबरमध्ये दिंडोरी-निफाडला द्राक्षाची छाटणी सुरू होते, पेठ-सुरगाण्याची कुटुंबं कामाला उतरतात आणि चौदा वर्षांच्या पोराचा हात घरात कमावता म्हणून धरला जाऊ लागतो. एका बाजूला ताट गेलं, दुसऱ्या बाजूला मजुरी आली. नववीतली गळती मला गूढ वाटत नाही.

२०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही नाही जमली तर त्याच वर्गात. तिच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं जातं. मला एवढंच दिसतं की आठवीच्या मार्चमध्ये पालक आता निदान शाळेत येतात. त्या सभेत आम्ही निकालाआधी पैशांचं बोलतो. नववीची पुस्तकं किती रुपयांची, ती वरच्या वर्गाकडून कशी मिळतील. आठवीत दिलेली एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, त्यासाठी घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आधीच काढून ठेवायचा. आठवीतच परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो हे अनेकांना नववीत कळतं. आमच्या एका मॅडम तर सातवीच्या शनिवारीच हे सांगतात. मी त्यांना म्हटलं, फार लवकर होतंय. त्या म्हणाल्या, "लवकर झालं तर विसरतील, परत सांगू."

यंदाच्या सभेनंतर एक गृहस्थ थांबले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेत नाही. एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत त्याला पहिलीला शिक्षणहक्काच्या २५ टक्क्यांच्या कोट्यातून प्रवेश मिळाला होता. आठ वर्षं फी नव्हती, आता नववीची फी सांगितली गेली आणि ती त्यांच्या रिक्षाच्या महिनाभराच्या कमाईपेक्षा जास्त आहे. "मॅडम, नववीत तुमच्याकडे घ्याल का?" सेमी इंग्रजीच्या तुकडीत जागा आहे, गणित-विज्ञान त्याचं इंग्रजीत होईल, इतिहास-भूगोल मात्र पहिल्यांदाच मराठीतून. मुलगा शेजारी उभा होता, शूजच्या टोकाकडे बघत. मी त्याला विचारलं, तिकडे तुझी सगळ्यात आवडती टीचर कोण? त्याने सायन्सच्या मिसचं नाव सांगितलं. वडिलांकडे त्यांचा नंबर नव्हता, मुलाकडे होता. त्या म्हणे शाळा सुटल्यावर चारनंतर फोन घेतात. उद्या चारनंतर माझा तास नाही, तेव्हा करते.